मुलांनी चालवलेल्या जर्नलला लेख पाठवताना

प्रश्न: मी छत्रपती संभाजीनगरला विधी शाखेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला आहे. दादरा-नगर हवेलीत भारतीय प्रदेशातून ये-जा करण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने भारताविरुद्ध लढवलेल्या आंतरराष्ट्रीय खटल्यावर मोठा लेख लिहिला आहे. अमेरिकेतल्या एखाद्या विद्यार्थी-संपादित जर्नलला तो पाठवावा असं मनात आहे. पण आमचे एक सर म्हणतात, ‘पोरांनी निवडलेल्या लेखाला काय किंमत? तज्ज्ञ तपासतात त्या जर्नललाच दे.’ मॅडम, काय करू? आणि पाठवायचा तर कसा?

उत्तर:

सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. विद्यार्थी संपादकांना तुझ्या विषयातलं फारसं कळत नाही, हे खरं. म्हणून त्यांच्या जर्नलला किंमत नाही, हे मात्र खरं नाही. त्यांची निवड कच्ची असते, पण तपासणी इतकी चिवट असते की तज्ज्ञांच्या जर्नलमध्येही सहसा तेवढी होत नाही. लेख पाठवायचा तर या दोन्ही गोष्टी धरून लिहावा लागतो, आणि आपल्याकडचे बरेच लेख नेमके तिथेच मार खातात.

मी एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, असताना अमेरिकेतल्या अशा एका जर्नलचं काम केलं आहे. नंतरची सगळी वकिली आंतरराष्ट्रीय लवादाची, त्यामुळे असे लेख कामासाठी सतत उघडावे लागतात. या दोन्हींच्या जोरावर सांगते.

आधी ही पद्धत आली कुठून ते थोडक्यात. अमेरिकेत कायदा ही दुसरी पदवी. मुलं आधी कशात तरी पदवीधर होऊन येतात आणि तीन वर्षं कायदा शिकतात. तिथली बहुतेक लॉ रिव्ह्यू, म्हणजे कायद्याची जर्नल्स, हीच मुलं चालवतात; हार्वर्ड लॉ रिव्ह्यू तर १८८७ सालापासून. आंतरराष्ट्रीय कायद्याची वेगळी जर्नल्स बऱ्याच उशिरा आली. १९५९ मध्ये हार्वर्डच्या आंतरराष्ट्रीय कायदा क्लबने एक बुलेटिन काढलं, तेच पुढे हार्वर्ड इंटरनॅशनल लॉ जर्नल झालं. १९६० मध्ये व्हर्जिनिया, १९६१ मध्ये कोलंबिया, १९७४ मध्ये येल. कोलंबियाच्या मुलांच्या पाठीशी वुल्फगँग फ्रीडमन यांच्यासारखा मोठा प्राध्यापक होता. काळही तसाच होता. १९६० या एकाच वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले, संयुक्त राष्ट्रांचं सभागृह भरत चाललं होतं, आणि जुन्या करारांचं काय करायचं हा प्रश्न रोज नव्याने उभा राहत होता. आपल्या दिल्लीतल्या इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉचं जर्नलही १९६० चंच, पण ते जाणत्यांच्या हातातलं, विद्यार्थ्यांचं नव्हे.

अमेरिकेबाहेर ही प्रथा हळूहळू पसरली. मेलबर्नच्या विद्यार्थ्यांचं आंतरराष्ट्रीय कायद्याचं जर्नल २००० पासून, जर्मनीत ग्योटिंगेनचं २००९ पासून. त्याच वर्षी जोधपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या मुलांनी ‘ट्रेड, लॉ अँड डेव्हलपमेंट’ सुरू केलं. जागतिक व्यापार कायद्यात काम करणारे लोक ते गांभीर्याने वाचतात. तेव्हा ‘पोरांचं जर्नल’ म्हणून नाक मुरडायचं, तर आपल्याच देशातल्या चांगल्या कायदा-नियतकालिकांपैकी बऱ्याच जणांवर फुली मारावी लागेल.

आता निवड कशी होते ते. मंडळातली मुलं तेवीस-पंचविशीची, आणि मंडळ दरवर्षी बदलतं. लेखांचा ढीग पडलेला असतो, कारण तिथल्या रिवाजाप्रमाणे लेखक एकच लेख एकाच वेळी वीस-तीस जर्नलना पाठवू शकतो. स्कॉलॅस्टिका नावाच्या संकेतस्थळावरून तो एका झटक्यात जातो. तज्ज्ञांच्या जर्नलमध्ये हे चालत नाही. तिथे सहसा एका वेळी एकच दार ठोठावायचं आणि महिनोन्‌महिने वाट बघायची. विद्यार्थ्यांकडे पहिल्या वाचनात लेखाला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्यात बारा-पंधरा पानी प्रस्तावना, मग आंतरराष्ट्रीय कायद्याचा सतराव्या शतकातल्या ग्रोशियस या डच कायदेपंडितापासूनचा इतिहास आणि खरा मुद्दा चाळिसाव्या पानावर, असा लेख असेल तर तो गेलाच म्हणून समज. लेखात नवीन काय आहे, आजवर लोक काय म्हणत आले आणि तू काय वेगळं म्हणतोस, हे पहिल्या दोन पानांत आलं पाहिजे, आणि तेही या खटल्याचं नावही न ऐकलेल्या हुशार वाचकाला कळेल अशा भाषेत.

दुसरी, जरा कडू बाब. बऱ्याच ठिकाणी निवड करणाऱ्यांना लेखकाचं नाव आणि पत्ता दिसतो. येल किंवा ऑक्सफर्डचा शिक्का दिसला की मान आपोआप झुकते. विषय कळत नसेल तर माणूस आडनावाकडे बघतो, हे आपल्याकडे काय वेगळं आहे? शिवाय ‘एक्स्पेडाइट’ नावाचा एक प्रकार चालतो. एका जर्नलचा होकार आला की त्याची मुदत दाखवून वरच्या क्रमांकाच्या जर्नलला लिहायचं, ‘माझ्याकडे इतक्या तारखेपर्यंत होकार आहे, त्याआधी वाचा.’ हा बाजार आहे आणि तो मला कधीच आवडला नाही. सरांचा आक्षेप इथे शंभर टक्के लागू पडतो.

पण लेख स्वीकारला की खरं काम सुरू होतं, आणि त्याची बाहेरच्यांना कल्पना नसते. लेखातल्या तळटीपा, समजा तीनशे, मंडळातल्या कनिष्ठ मुलांत वाटल्या जातात. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या टीपेचं मूळ साधन गाठायचं: पुस्तक असेल तर मुखपृष्ठानंतरचं नावाचं पान, प्रकाशनाच्या तपशिलाचं पान आणि उद्धृत केलेलं पान, तिन्ही स्कॅन करायची. करार असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या करारमालेतला खंड आणि पान. ज्या ओळीवर लेखकाचं वाक्य उभं आहे ती ओळ पिवळ्या रंगाने ठळक करायची आणि तक्त्यात स्वतःची आद्याक्षरं टाकायची. मग दुसरा कोणीतरी तेच पुन्हा तपासतो. ग्रंथालयात नसलेलं पुस्तक दुसऱ्या विद्यापीठातून मागवतात. एका तळटीपेसाठी अख्खी दुपार गेली तरी कुणी हुं की चूं करत नाही, कारण ही मुलं त्यासाठीच निवडलेली असतात.

तुझा लेख मी वाचलेला नाही. पण या खटल्यावरच्या लिखाणात हमखास सापडणारं एक वाक्य घेते आणि तपासणीत त्याचं काय होतं ते दाखवते. वाक्य असं: ‘१७७९ च्या पुण्याच्या तहाने मराठ्यांनी दादरा-नगर हवेलीचं सार्वभौमत्व पोर्तुगिजांना दिलं, पुढे १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने भारताच्या बाजूने निकाल दिला.’ खाली एकच तळटीप, तीही कुठल्यातरी पाठ्यपुस्तकाची.

तपासणारी मुलगी पाठ्यपुस्तकावर थांबत नाही. ती १२ एप्रिल १९६० चं निकालपत्र उघडते. ते न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. आणि वाक्याचा पहिलाच अर्धा भाग कोसळतो. तहाचे जे निरनिराळे मसुदे पुढे आले त्यांवरून सार्वभौमत्व देण्याचा हेतू निघत नाही, असं न्यायालय म्हणतं. १७८३ आणि १७८५ च्या सनदांवरून तर उलटच दिसतं: पोर्तुगिजांना मिळाला तो महसुलाचा हक्क, जहागीर किंवा सरंजाम. अशा देणग्यांतून सार्वभौमत्व गेल्याचं एकही उदाहरण न्यायालयापुढे आलं नव्हतं. पोर्तुगालची सत्ता मान्य झाली ती नंतर. आधी इंग्रजांनी वागणुकीतून ती स्वीकारली आणि मग भारताने मूकपणे. म्हणजे तहाने मिळालं नाही, वहिवाटीने मिळालं.

आता वाक्याचा दुसरा अर्धा. भारताच्या बाजूने निकाल? न्यायालयाने प्रश्न तीन भागांत सोडवला. सामान्य नागरिक, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना भारतीय प्रदेशातून ये-जा करू देण्याचा हक्क १९५४ मध्ये पोर्तुगालला होता, हे ११ विरुद्ध ४ मतांनी. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७ मतांनी. आणि जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये तिथली पोर्तुगीज सत्ता उलथल्यावर जो तणाव होता, तो पाहता भारताने ये-जा रोखली यात बंधनाचा भंग झाला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी. मुलगी मार्जिनमध्ये लेखकाला प्रश्न टाकते: ‘हक्काच्या अस्तित्वाबाबत बहुमत पोर्तुगालच्या बाजूने दिसतं. वाक्य बदलावं का?’ तिला ना मराठ्यांचा इतिहास ठाऊक, ना दादरा कुठे आहे ते. तिने फक्त पान वाचलं.

तज्ज्ञ वाचकाने हे वाक्य कदाचित सोडून दिलं असतं, कारण खटला त्याच्या डोक्यात पक्का असतो आणि असलं ढोबळ विधान त्याच्या डोळ्यांना खुपत नाही. तज्ज्ञ युक्तिवादाचा कीस पाडतो, तळटीपेमागचं पान तो उघडेलच असं नाही. मी स्वतः एखाद्या अनोळखी विषयात शिरताना आधी विद्यार्थी-संपादित जर्नलमधला लेख शोधते. त्यातल्या मतासाठी नाही, त्याच्या तळटीपांसाठी. तीनशे साधनांची पडताळलेली यादी दुसरीकडे कुठे मिळते?

आणि गंमत अशी की दुरुस्त केलेलं वाक्य मूळ वाक्यापेक्षा कितीतरी रसाचं आहे. रूढी, म्हणजे देशांच्या दीर्घ वागणुकीतून तयार होणारा कायदा, साऱ्या जगाची असते, अशी समजूत होती. या निकालात न्यायालयाने म्हटलं की दोनच देशांमध्येही, सव्वाशे वर्षांच्या अखंड वागणुकीतून, बंधनकारक रूढी तयार होऊ शकते. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत दादरा-नगर हवेलीचं नाव टिकून आहे ते याच कारणाने. लेखाचा कणा तिथे शोध.

तुझ्या हातात आणखी एक गोष्ट आहे जी हार्वर्डच्या मुलाकडे नाही. तुला मराठी येतं, आणि पुण्याचं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईच्या कागदपत्रांचा संग्रह, तुझ्यापासून एका बसच्या अंतरावर आहे. मोडी येत नसेल तर वाचून देणारे जाणकार पुण्यात मिळतात. पण आधी न्यायालयाने छापलेले या खटल्याच्या युक्तिवादांचे आणि कागदपत्रांचे खंड चाळ. दोन्ही पक्षांनी काय काय दाखल केलं होतं ते तिथे कळतं. मग दफ्तरात जा. नवा कागद मिळाला तर त्याचं छायाचित्र, देवनागरी लिप्यंतर, इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर कोणी केलं ते, असा पूर्ण संच लेखासोबत दे. कागद ज्या रुमालात, म्हणजे दफ्तरातल्या गठ्ठ्यात, बांधलेला आहे त्याचा क्रमांक तळटीपेत हवाच. हे नसेल तर तपासणारी मुलं त्या टीपेपुढे प्रश्नचिन्ह लावतील आणि तुझा सगळ्यांत मोलाचा मुद्दा पुराव्याअभावी कापला जाईल.

काय गाळायचं, तेही सांगते. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, त्या मुक्तिसंग्रामात होते. आपल्याकडे हे सांगितलं की वाचक खूश होतो. परदेशी जर्नलच्या लेखात ते घालू नकोस. उलट न्या. महंमदअली करीम छागला यांचा उल्लेख मात्र नक्की कर. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले छागला या खटल्यात भारताच्या वतीने तदर्थ, म्हणजे या खटल्यापुरते नेमलेले, न्यायाधीश म्हणून बसले होते आणि त्यांनी स्वतंत्र भिन्नमत लिहिलं. भिन्नमतं कुणी वाचत नाही, म्हणून तिथे नवं बोलायला जागा असते. पोर्तुगालच्या चालीवरही एक परिच्छेद खर्च करायला हरकत नाही: १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व, १९ ला न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याची घोषणा, २२ ला भारताविरुद्ध दावा. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या, त्यातल्या चार १९५७ मध्ये फेटाळल्या गेल्या आणि दोन मूळ खटल्याबरोबर ऐकायचं ठरलं.

तळटीपांची पद्धत हा कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग. अमेरिकेत ब्लूबुक, १९२६ पासून विद्यार्थ्यांच्याच संपादक मंडळांनी चालवलेली. इंग्लंडात ऑस्कोला. ऑस्ट्रेलियाची नियमावली तर मेलबर्नची दोन विद्यार्थी-जर्नल्स मिळून काढतात आणि देशभरची विद्यापीठं ती वापरतात. ज्या जर्नलला पाठवायचं त्याची पद्धत आधीपासून वापर. सगळे स्वल्पविराम बरोबर असावेत अशी कुणाची अपेक्षा नसते, पण प्रत्येक टीपेत पान क्रमांक हवा. ‘पाहा: अमुक यांचं पुस्तक’ एवढंच लिहिलं तर तपासणाऱ्याने सहाशे पानं वाचायची का?

एक इशारा. एआयकडून तळटीपा लिहून घेऊ नकोस. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. जर्नलमध्ये दंड नसतो, पण मूळ कागद मागवला आणि तो जगात नाही असं निघालं, तर लेख त्याच दिवशी परत येतो.

आता सगळ्यांत व्यवहाराची गोष्ट, जी बहुधा तुला कुणी सांगितलेली नसेल. अमेरिकेतली पुष्कळ जर्नल्स बाहेरच्या विद्यार्थ्यांचे लेख घेतच नाहीत. प्राध्यापक, वकील, न्यायाधीश यांचे घेतात, आणि विद्यार्थ्यांसाठीची ‘नोट’ ही जागा स्वतःच्याच मुलांसाठी राखून ठेवतात. म्हणून प्रत्येक जर्नलचे नियम आधी वाच. जिथे घेतात तिथे पाठव, बाकीच्यांवर वेळ घालवू नकोस. मी तुझ्या जागी असते तर आधी भारतातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या विद्यार्थी-संपादित रिव्ह्यूंकडे गेले असते. तिथे विद्यार्थ्यांना दार उघडं असतं आणि विषय भारताचा असल्याने वाचकही मिळतो. दफ्तरातून खरोखर नवा कागद हाती लागला तर मात्र सरांचं ऐक आणि तज्ज्ञांच्या जर्नलला दे. तिथे आलेली टिप्पणी, नकारासोबत आली तरी, वर्षभराच्या शिकवणीइतकी उपयोगी पडते.

पैसे घेऊन आठवड्यात छापणारी ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नल्स तुझ्याही मेलमध्ये येत असतील. प्रमाणपत्र मिळेल, आयएसएसएन आहे, असं सांगतात. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे. त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. त्या वाटेला जाऊ नकोस. एकदा तिथे छापलं की तोच लेख चांगल्या ठिकाणी कुणी घेत नाही.

छापून आल्यावर काय होतं, याबद्दलही फार मोठी स्वप्नं नकोत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं कलम ३८ विद्वानांच्या लिखाणाला कायदा ठरवण्याचं दुय्यम साधन मानतं, पण न्यायालय निकालात लेखकांची नावं क्वचितच घेतं. न्यायाधीशांच्या स्वतंत्र मतांत ती जास्त दिसतात. पक्षकारांच्या लेखी निवेदनांत मात्र असे लेख भरपूर वापरले जातात. एखादा वकील रात्री अकरा वाजता स्थानिक रूढीवर पुरावा शोधत असतो आणि त्याला तुझी टीप सापडते. हे माझ्या कामात नेहमी घडतं.

वेळेचं म्हणशील तर अमेरिकेतली मंडळं लेख घेतात ती मुख्यतः फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्टमध्ये. डिसेंबर आणि एप्रिल-मे परीक्षांचे. भारतात जाहीर केलेली मुदत पाळली की झालं. सोबतचं पत्र पाऊण पानाचं असावं. त्यात लेखाचा नवा मुद्दा दोन वाक्यांत आणि तू कोण ते एका वाक्यात. ‘सविनय सादर’ छापाचं काही नको.

होकार आला की प्रकाशनाचा करार येईल. सही करण्याआधी तो नीट वाच. कायद्याची मुलं स्वतःचे करार न वाचता सही करतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. लेख एसएसआरएनसारख्या, शोधलेख सर्वांना वाचायला ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवण्याचा, पुढे प्रबंधात किंवा पुस्तकात वापरण्याचा हक्क तुझ्याकडे राहतो का ते बघ. भाषांतराचा हक्क बऱ्याचदा गुपचूप जर्नलकडे जातो. तो काढून घे. मुलं असतात, विनंती केली तर सहसा मान्य करतात, आणि मग हाच लेख मराठीत कुठल्या इतिहासाच्या नियतकालिकाला द्यायचा झाला तर कुणाची परवानगी मागत बसावं लागणार नाही.